हातावर पाणी

आमच्या नात्यागोत्यात आजवर कुणी वर्षभर सुट्टी घेतलेली नाही. आमच्याकडे वर्ष बुडतं. माझ्या एका मावसभावाची दोन बुडाली, तर त्याचं लग्न होईपर्यंत मावशी तेच उगाळत होती. त्यामुळे चांगल्या मार्कांनी पास झालेली माझी एकुलती एक मुलगी जेव्हा म्हणाली, की मी एक वर्ष कॉलेजला जाणार नाही, आफ्रिकेत मलावीला जाऊन एका शाळेत शिकवणार आहे, आणि तेही फुकट, तेव्हा तव्यावरची पोळी तव्यावरच राहिली. करपली. स्मोक अलार्म कोकलायला लागला. तो बंद करायला नवरा स्टुलावर चढला आणि वरूनच म्हणाला, "जाऊ दे की तिला."

नवरा इथे आयर्लंडमध्ये, स्लायगोच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना झोपवतो आणि घरी येऊन स्वतः झोपतो. माणूस भला आहे, पण त्याचं निम्मं बोलणं 'हं'मध्ये उरकतं आणि उरलेलं 'जाऊ दे'मध्ये. म्हणजे आमच्या घरात मराठी बोलायचं काम माझं आणि ऐकायचं बाकीच्यांचं.

बाकीचे म्हणजे खरं तर मुलगीच. ती पाच वर्षांची असताना आम्ही इथे आलो. शाळेत गेली आणि वर्षाच्या आत तिची उत्तरं इंग्लिशमध्ये यायला लागली, तीही इथल्या हेलात. मी म्हणायची, "चल गं, पानं घेतलीत, गार होतंय." ती वरच्या खोलीतून ओरडायची, "आय'म ग्रँड, आई, टू मिनिट्स." त्यातला 'आई' तेवढा टिकला. आणि दुसरा एक शब्द टिकला, गळ्याशप्पथ. खरं सांगतेस ना, असं विचारलं, की ती लहानपणापासून माझ्या गळ्याला चिमूट लावून ते म्हणायची, कारण मीच तिला सांगून ठेवलं होतं, की खोटी शपथ घेतली तर आई मरते. बाकी तिला सगळं कळायचं, माझे टोमणेसुद्धा. मी दिवसभर मराठीत बडबडायची, ती दिवसभर इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची, आणि आमचं अगदी छान चाललं होतं.

एका बाबतीत मात्र आमचं कधी जमलं नाही. ती हाताने जेवायची नाही. लहान असताना जेवायची, कोपरापर्यंत वरण ओघळवत जेवायची. मग एकदा शाळेतली एक मैत्रीण जेवायला आली. ती पोर काही वाईट बोलली नाही, हिच्या हाताकडे नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे वरणभाताला काटा लागला. वरण काट्याच्या फटीतून गळतं आणि तोंडात नुसता भात जातो, हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण बाईसाहेबांचा हेका सुटला नाही. मी रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, शेवटी नाद सोडला.

तर मलावी. गॉलवेला इंजिनिअरिंगला तिला जागा मिळालेली होती आणि ती जागा एक वर्ष राखून ठेवायला कॉलेज तयार होतं. एकच वर्ष, त्यानंतर नाही. मग मीही तीच अट घातली. एक वर्ष काय दिवे लावायचे ते लाव, त्यानंतर गॉलवे. गॉलवेचं मला काही नव्हतं, ती बसने दर शुक्रवारी घरी येऊ शकते एवढंच मला होतं. तिने माझ्या गळ्याला चिमूट लावली आणि म्हणाली, "गळ्याशप्पथ, आई. वन यिअर." अठरा वर्षांची घोडी, पण चिमूट अगदी तशीच हलकी लावली.

पुण्याहून नणंदेचा फोन आला. "नापास झाली का गं? आम्हाला सांगायला काय हरकत आहे, आम्ही काय परके आहोत?" मी तिला गॅप इयर समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे, पुढच्या वेळेला होईल पास."

निघण्याआधी मी दोन दिवस भाजणी भाजत होते. तांदूळ, ज्वारी, डाळी, धणे, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर. परदेशात एकट्या पोरीला थालीपीठ थापता येईल, पोट भरेल, हा माझा हिशेब. थालीपीठ कसं लावायचं ते मी तीनदा करून दाखवलं आणि ती तीनदा फोनमध्ये डोकं घालून "हं" म्हणाली. बापाचं 'हं' तेवढं बरोबर उचललंय. निघताना दारात तिच्या हातावर दही ठेवलं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आमच्याकडे ते खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. तिने तळहात चाटला आणि लगेच टिश्यू मागितला.

ती गेल्यावर पहिले काही दिवस मला घर आवरण्याचा उत्साह आला. तिची खोली झाडली, पडदे धुतले. मग आवरायचं संपलं. इथे ऑक्टोबर लागला की दुपारीच दिवे लावावे लागतात, आणि वाऱ्याने खिडकीवर पाऊस असा आपटतो की आपल्याच घरात आपण बाहेर उभे आहोत असं वाटतं. शाळा सुटायची वेळ झाली की माझे कान दाराकडे लागायचे. दार वाजायचं नाही. मी उठून उगाच चहा टाकायची.

मी बोलायची कुणाशी, हा प्रश्न होता. हॉस्पिटलातल्या काही तरुण डॉक्टरांना मी शनिवार-रविवार पोळीभाजीचे डबे देते, पण ते केरळचे आणि हैदराबादचे, त्यांच्याशी माझं मोडकंतोडकं हिंदी-इंग्लिश. गावातलं दुसरं एक मराठी कुटुंब होतं, ते स्वोर्ड्सला गेलं, डब्लिनच्या विमानतळाजवळ, नोकरीसाठी. मग मी नळाशी बोलायला लागले. आमच्या बेसिनला इकडच्या जुन्या घरांत असतात तसे दोन नळ आहेत, वीतभर अंतरावर. एकातून गोठवणारं पाणी येतं आणि दुसऱ्यातून पोळणारं. हात धुताना मी त्यांना म्हणायची, "अरे, कधीतरी एकमेकांशी बोला की." एकदा नवऱ्याने ते ऐकलं. त्या रविवारी तो आपणहून मला समुद्रावर फिरायला घेऊन गेला. वाऱ्यात एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्याची सोय झाली.

शेजारी एक म्हातारी बाई राहते, एकटीच. तिचे तिन्ही मुलगे ऑस्ट्रेलियात. ती अधूनमधून स्कोन, म्हणजे इकडचे गोडसर पाव, घेऊन यायची. मी तिला म्हणाले, माझी मुलगी सप्टेंबरमध्ये परत येणार आहे. ती म्हणाली, येतात ना, परत येतात. मग लोणी लावता लावता म्हणाली, लग्नाला येतात, मयताला येतात. तिने ते इतक्या सहज सांगितलं की मला तिचा रागही आला नाही.

दर रविवारी दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल असायचा. मलावीच्या दक्षिणेकडे एक गाव, तिथल्या एका बाईच्या घरी ती राहत होती. बाई शाळेत मुलांचा स्वयंपाक करायची, माझ्याच वयाची, अंगाने भरलेली, हसरी. मुलगी तिला तिकडच्या भाषेत आई म्हणायची. तिकडे सगळ्याच मोठ्या बायकांना तसं म्हणतात म्हणे. म्हणत असतील. मला ते आवडलं नाही.

नोव्हेंबरातला एक रविवार मी विसरणार नाही. कॉल लागला तेव्हा ती सगळी मंडळी जेवायला बसली होती, चटईवर, गोल करून. मधे मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा गोळा आणि पालेभाजीसारखं काहीतरी. माझी मुलगी हाताने जेवत होती. चार बोटांनी गोळा तोडून, अंगठ्याने दाबून, भाजीत बुडवून, अगदी सराईतासारखी. बोटं चाटत मला म्हणाली, "हाय, आई." मी इतकी वर्षं घसा कोरडा केला आणि या बाईने दोन महिन्यांत करून दाखवलं. मी म्हटलं, गॅसवर काहीतरी ठेवलंय, नंतर बोलू. आमच्याकडे गॅस नाही, विजेची शेगडी आहे, हे तिला माहीत आहे. फोन ठेवला आणि वॉशिंग मशीनच्या खोलीत जाऊन रडले. मत्सराने रडले, सरळ सांगते.

त्यावर कडी म्हणजे भाजणी. ख्रिसमसच्या आधी मी विचारलं, थालीपीठ लावतेस का? ती हसायला लागली. म्हणाली, डबा मी त्या आईला देऊन टाकला, तिने पाण्यात शिजवून साखर घालून त्याची पेज केली, शाळेतल्या लहान मुलांना वाटली, मुलं अजून मागतात. माझ्या भाजणीची पेज. साखर घालून. आमच्या कराडला हे कुणी ऐकलं असतं तर त्या बाईला स्वयंपाकघराबाहेर काढलं असतं. मी आठवडाभर धुसफुसत होते. मग एका दुपारी, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, नवरा ड्यूटीवर होता, मी मुकाट्याने उठले, उरलेली भाजणी पाण्यात शिजवली, साखर घातली आणि चमच्याने खाल्ली. बरी लागली. त्याचाच मला जास्त राग आला.

जानेवारीत गॉलवेच्या खोलीसाठी मी चादरी आणल्या. तिने शुक्रवारी संध्याकाळी यावं की शनिवारी सकाळी, यावरून नवऱ्याशी वाद घातला. मी म्हणत होते शुक्रवारी, तो म्हणत होता पोरीला मित्रमैत्रिणी असतील, शनिवारी येईल. शेवटी तो म्हणाला, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." एवढं लांब वाक्य त्याने बऱ्याच महिन्यांनी उच्चारलं होतं, म्हणून मी गप्प बसले.

आणि खरोखरच तुरी निघाल्या. जून संपत आला होता. रविवारच्या कॉलवर ती बाई हातात हिरव्या शेंगांचा जुडगा घेऊन पडद्यात आली आणि माझ्यासमोर हलवायला लागली. मी म्हटलं, अगं, या तर तुरीच्या शेंगा. मुलगी म्हणाली, इथे सगळ्या शेतात हेच आहे, आम्ही उकडून खातो. मला काय वाटलं कोण जाणे, मी उठून प्रेसमधून, म्हणजे इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, तुरीच्या डाळीचं पाकीट काढलं आणि चष्मा लावून वाचलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मलावीचं उत्पादन. इतकी वर्षं मी त्या बाईच्या मुलखातलं वरण शिजवत होते आणि मला पत्ता नव्हता. मी पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. तिने शेंगा धरल्या. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही, पण आम्ही खूप हसलो. माझ्या मनातली अढी त्या दिवशी गेली. बाई चांगली आहे, मी नवऱ्याला सांगणार होते.

तेवढ्यात मुलीने फोन स्वतःकडे घेतला, अंगणात गेली आणि म्हणाली, "आई, ऐक ना. आधी नीट ऐकून घे, मग बोल."

मराठीत. अख्खं वाक्य, आणि सूर माझा. ती मराठी माझ्याकडूनच तेवढी ऐकत आली होती, त्यामुळे तिच्या तोंडून मीच बोलत होते. मला क्षणभर इतका आनंद झाला. आणि लगेच कळलं, की ही आता परत येत नाही. वाईट बातमी माणसाला त्याच्या भाषेत सांगावी, एवढी अक्कल तिला आली होती.

"रागावू नकोस. मला इथं राहायचंय. अजून एक वर्ष, मग बघू. गॉलवेला मी नको म्हणून कळवलं."

"शपथ घेतली होतीस माझ्या गळ्याची."

"हो. चुकलं माझं."

मी फोन ठेवला. संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याला म्हटलं, पोरीने हातावर तुरी दिल्या बघ. एरवी तो हसला असता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तिच्या खोलीत जाऊन पलंगावर बसला. बराच वेळ बाहेर आला नाही. त्यालाही तीच तेवढी होती, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. मी दोघांसाठी चहा केला आणि आम्ही तिथेच बसून प्यायलो.

मग कराडला आईला फोन केला. सगळं सांगितलं, रडले. आई ऐंशीला टेकली आहे, पण जीभ अजून धारदार आहे. ती म्हणाली, "आता कळलं व्हय? तू विमानात बसलीस तवा मी कुणाजवळ रडले असंल?" मी म्हटलं, मी तर लग्न होऊन गेले. आई म्हणाली, "मग काय झालं? घर तर माझंच रिकामं झालं." मग तिने नेहमीसारखं विचारलं, थंडी आहे का तिकडं, आणि मी नेहमीसारखं सांगितलं, आहे.

ऑगस्टमध्ये मुलगी दोन आठवडे आली. रापली होती, केस बारीक कापले होते, दारात मिठी मारली तेव्हा अंगाला चुलीच्या धुराचा वास होता. पहिल्या दिवशी मी वरणभात, बटाट्याची भाजी, लिंबू, तूप असा बेत केला आणि सवयीने तिच्या पानाजवळ काटा ठेवला. ती म्हणाली, "थांब." देवापाशी ठेवलेला तांब्या तिने उचलला. एका नळाखाली धरला, मग दुसऱ्या, बोट बुडवून पाहिलं, परत थोडं गार घातलं. भांडी धुवायचा टब घेतला आणि माझ्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली.

"हात पुढे कर."

तिकडे जेवणाआधी घरातल्या लहान माणसाने मोठ्यांच्या हातावर पाणी घालायचं असतं, गुडघ्यांवर बसून. मी दोन्ही हात पुढे केले. तिने बारीक धार धरली. कराडला आमच्याकडे पाहुणे आले की जेवण झाल्यावर त्यांच्या हातावर पाणी घालायचं काम माझं असायचं. आईच्या हातावर मी कधी घातलं नाही. घरच्या बाईच्या हातावर कोण पाणी घालतं? आणि या घरात इतकी वर्षं माझे हात एक तर पोळत होते नाही तर गारठत होते. ते पाणी कोमट होतं. मला रडू आवरेना. तिने हात पुसून दिले, मग बापाच्या हातावर पाणी घातलं. काटा बाजूला सारला आणि वरणभात कालवून हाताने खाल्ला, दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर मी म्हणाले. आडून नाही, सरळच म्हणाले. "नको जाऊस. राहा ना गं. मला करमत नाही."

तिचा हात माझ्या गळ्यापर्यंत आला. बोटांची चिमूटही झाली होती. मग तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. मी पुन्हा विचारलं नाही.

जायच्या दिवशी तिच्या तळहातावर दही ठेवलं. तिने ते चाटून खाल्लं आणि टिश्यू मागितला नाही. नवरा तिला डब्लिनला सोडायला गेला. मी गेले नाही, दारातूनच हात केला. शेजारची म्हातारी तिच्या खिडकीत उभी होती. तिनेही हात केला.

तो तांब्या मी देवापाशी परत ठेवला नाही, बेसिनजवळच ठेवलाय. जेवायच्या आधी त्यात गरम आणि गार पाणी मिसळते, बोट बुडवून बघते. बरोबर कोमट होतं, तिने केलं होतं तसं. पण तांब्या एका हातात धरला की पाणी दुसऱ्या हातावर पडतं, फक्त त्याच हातावर. दोन्ही हात एकदम पुढे करायचे, तर समोर कुणीतरी लागतं.